अनेक मुलांची घरची शाळा आणि तिचा खर्च

शास्त्रपाठ : अनुवाद ६:४–९, २ तीमथ्य १:५ व ३:१४–१७

मालाडहून मार्वेच्या धक्क्यावर जावें आणि बोटींत बसावें, म्हणजे थोड्याच वेळांत खाडी ओलांडून मनोरी येतें. हें गांव मुंबई महानगरपालिकेच्याच हद्दींत आहे. तथापि तेथें पाऊल ठेवतांच आपण खेड्यांत आलों असें वाटतें. माडांच्या वाड्या, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील आणि वाटेवर रोमन क्याथलिक बंधूंचे जुने क्रूस. गांवांतील ख्रिस्ती लोक बहुतेक त्याच मंडळीचे आहेत. आमच्या मंडळीचें एक कुटुंब मात्र जालना जिल्ह्यांतून पोटासाठीं तेथें आलें असून बाप एका बंगल्याची राखण करतो. घरांत मुलें चार : तेरा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचें शेंडेफळ. तीन वर्षांत तीन गांवें बदलल्यामुळें मुलांच्या शाळा तुटल्या होत्या. दहा वर्षांच्या मुलास अक्षरें लावूनहि नीट वाचतां येत नव्हतें. तेव्हां मुलांस कांहीं काळ घरींच शिकवावें व तें शिक्षण प्रभूच्या भयांत असावें, असें आईबापांनीं ठरविलें आणि आमचा सल्ला घेतला. आम्हीं दिलेला तो पहिला सल्ला चुकीचा होता, हें प्रारंभींच सांगून टाकणें बरें.

परदेशी ख्रिस्ती घरांकरितां तयार केलेली पुस्तकांची एक पेटी आमच्या पाहण्यांत आली होती. प्रत्येक इयत्तेची पेटी निराळी, रोजचा धडा छापलेला, कागद गुळगुळीत, चित्रें मनोहर. आम्ही तिला भुललों व ती घ्यावी असें सांगितलें. एका मुलाच्या एका वर्षाच्या पेटीचें मोल त्या बापाच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होतें. त्यानें उसने पैसे काढून दहा वर्षांच्या मुलाकरितां एक पेटी आणविली. पेटी इंग्रजी. तींतील हिशेब डॉलरांचे, ऋतु बर्फाचे, आणि पाखरें अशीं कीं जीं मनोरीच्या कोणत्याहि झाडावर कधीं बसलीं नाहींत. ज्या मुलास मराठी वाचतां येईना, त्यास आईनें इंग्रजी धडा कसा द्यावा? दोन महिन्यांनीं आम्ही गेलों तेव्हां पेटी खाटेखालीं होती. ती माउली खालीं पाहून म्हणाली, “पाळकसाहेब, माझंच डोकं चालत नाही.” तिचें डोकें उत्तम चालत होतें. दोष आमच्या सल्ल्याचा होता.

आतां शास्त्रपाठाकडे वळूं. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत देवाचीं वचनें मुलांस शिकविण्याची आज्ञा आहे, आणि ती कोणास, कोठें व केव्हां पाळावयाची हेंहि तेथेंच सांगितलें आहे. आज्ञा आईबापांस आहे. जागा घर व रस्ता या आहेत. वेळ निजण्याची व उठण्याची आहे. मुलें किती व कोणत्या वयाचीं याची विचारपूस तेथें नाहीं; एका घरांतील सर्व मुलें एकत्रच ऐकतात असें धरलेलें आहे. तीमथ्याचें उदाहरण तर आमच्या पुष्कळ नवख्रिस्ती घरांस अगदीं लागू पडतें. त्याचा बाप हेल्लेणी होता, हें प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायावरून कळतें. जें शिक्षण झालें तें आजी लोइस व आई युनीके यांच्याकडून झालें, आणि तें बाळपणापासून झालें. त्या घरीं पुष्कळ ग्रंथ असतील असें आम्हांस वाटत नाहीं. हातानें लिहिलेल्या गुंडाळ्या त्या काळीं फार महाग असत.

पुष्कळ मुलें, थोडे पैसे आणि एकटी आई, अशा घराचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील एपवर्थ येथील सुसान्ना वेस्ली या होत. जॉन व चार्ल्स वेस्ली यांच्या त्या मातोश्री. त्यांस एकोणीस लेंकरें झालीं व त्यांपैकीं सुमारें निम्मीं बाळपणींच वारलीं. नवरा पाळक असून कर्जांत बुडालेला. १७०९ सालीं घरास आग लागून सर्व जळालें. तरी त्यांनीं घरींच शाळा चालविली. मूल पांच वर्षांचें झालें कीं एका दिवसांत त्यास सारीं अक्षरें शिकवावयाचीं, आणि दुसऱ्या दिवसापासून उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर वाचन सुरू करावयाचें, असा त्यांचा प्रघात होता. दोन मुलींस मात्र दीड दिवस लागला, आणि त्याबद्दल आपण त्यांस मंद समजलों असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे! आमच्या बाराखडीस दीड दिवस पुरणार नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट नियम म्हणून घेऊं नये. घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. आगीनंतरच्या वर्षांत सुसान्नाबाईंनीं आठवड्याची एकेक संध्याकाळ एकेका मुलास दिली. सोमवार एका मुलीचा, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. त्या वेळीं त्या मुलाशींच बोलावयाचें, त्याच्या मनांत काय आहे तें ऐकावयाचें. पुष्कळ मुलांच्या घरांत कोणी तरी मूल नेहमीं गर्दींत हरवतें. त्यावर हा उपाय आहे, व त्यास एक पैसाहि पडत नाहीं.

ह्या विचारानें आम्ही पुनः मनोरीस गेलों आणि आईबापांबरोबर बसून नवा अभ्यासक्रम आंखला. त्याचें मूळ सूत्र एकच : जें एकत्र शिकवितां येतें तें एका चटईवर सर्वांस शिकवावें, आणि ज्यांत वयाप्रमाणें पायरी बदलते तेवढेंच निराळें शिकवावें. निराळे विषय दोनच निघाले, वाचन-लेखन आणि गणित. शास्त्र, गीतें, गोष्टी, भूगोल, सृष्टिज्ञान, हातकाम हीं सर्व एकत्र होतात. चार मुलांच्या चार इयत्ता समजून प्रत्येकीचे सहा विषय धरिले, तर रोजचे चोवीस धडे होतात. ते कोणत्याहि आईच्यानें होणार नाहींत.

शास्त्राचा धडा असा होतो. आई मार्काच्या शुभवर्तमानांतील एक लहान वृत्तांत वाचते. चार वर्षांचें मूल तो आपल्या शब्दांत सांगतें किंवा पाटीवर चित्र काढतें. सात वर्षांची मुलगी त्यांतील एक वाक्य पाहून उतरते. मुलगा तीन-चार वाक्यें मनानें लिहितो. थोरली शास्त्रांतील नकाशांत गांव शोधते व त्याच वृत्तांताशीं मत्तय व लूक ताडून पाहते. वाचन एकदांच झालें, मेहनत मात्र चौघांनीं आपापल्या शक्तीप्रमाणें केली. मार्क आम्हीं यासाठीं निवडला कीं त्याचे वृत्तांत आंखूड व वेगवान आहेत. वाचनांत मागें पडलेल्या मुलास तोच बरा.

सृष्टिज्ञानाकरितां मनोरीस पुस्तकाची गरजच नाहीं. दाराशीं समुद्र आहे. कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचा एक जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट केली म्हणजे समुद्र पूर्ण भरण्याची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. दिवसां तशीच रात्रीं. (तिथि हा केवळ चंद्राचा दिवस आहे. ती मोजल्यानें कोणी मुहूर्त पाहणारा होत नाहीं; कांहीं भोळ्या बंधूंस ही शंका येते म्हणून लिहिलें.) ह्या एका आडाख्यावर त्या घरीं महिनाभर धडा चालला. लहानग्यानें रोज संध्याकाळीं चंद्राचा आकार पाटीवर काढावा. सात वर्षांच्या मुलीनें तिथि व वेळ वहींत मांडावी. मुलानें पाऊणकी पाठ करून उद्यांची भरती आज सांगावी. आमच्या आजोबांच्या वेळीं पावकी, निमकी, पाऊणकी प्रत्येक मूल म्हणत असे. तीं कोष्टकें शाळेंतून गेलीं, पण समुद्र अजून त्यांच्याच हिशेबानें चालतो! थोरलीनें धक्क्यावर बोटवाल्यांस विचारून खरी वेळ टिपावी व आडाखा कितपत बरोबर येतो तें पाहावें. तिला आढळलें कीं पौर्णिमेस आडाख्यानें सव्वाअकरा येतात, परंतु पाणी बाराच्या सुमारास भरतें. तिनें पाऊणाऐवजीं चार पंचमांश घेतले, तेव्हां पंधराव्या तिथीस बरोबर बारा आले. पुढें तिच्या लक्षांत आलें कीं भरतीची वेळ रोज सारखी सरकत नाहीं. उधाणाच्या दिवसांत थोडी सरकते व भांगाच्या दिवसांत अधिक. हें तिला कोणत्याहि पेटींतून मिळालें नसतें. देशावरील आमच्या वाचकांच्या दाराशीं समुद्र नाहीं, पण विहिरीच्या पाण्याची खोली आहे, पावसाचें माप आहे, ज्वारीच्या कणसांतील दाणे आहेत.

निराळ्या विषयांची व्यवस्था अशी. प्रत्येक मुलास वाचनाचीं वीस मिनिटें व गणिताचीं वीस मिनिटें आईजवळ. लहानग्यास दहा पुरे. एकाचा धडा चालू असतां दुसरीं मुलें लिहितील, पाढे म्हणतील किंवा हातकाम करतील. सकाळीं साडेतीन तासांत सर्व आटोपतें. यापेक्षां अधिक वेळ चटईवर बसविल्यानें मुलें शिकत नाहींत, केवळ बसतात. इंग्रजी रोज अर्धा तास तोंडानें. वाचन मराठींत स्थिर झाल्यावांचून इंग्रजी पुस्तक हातीं देऊं नये, असें आमचें ठाम मत आहे.

पुस्तकें कोणतीं? मराठी पवित्र शास्त्र व उपासना संगीत हीं घरांत होतींच. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास यांकरितां बालभारतीचीं पुस्तकें घ्यावीं. ही संस्था पुणें येथें २७ जानेवारी १९६७ रोजीं स्थापन झाली. तिचीं पाठ्यपुस्तकें सर्वांत स्वस्त असून शिवाय तिच्या संकेतस्थळावरून तीं फोनवर फुकट उतरवून घेतां येतात. कांहीं बंधूंस वाटतें कीं सरकारी पुस्तक ख्रिस्ती घरांत कसें चालेल? बेरीज-वजाबाकी ख्रिस्ती वा अख्रिस्ती नसते. आणि इतिहासांत जेथें मतभेद असेल तेथें आईबापांनीं मुलांशीं बोलावें, हाच तर घरच्या शाळेचा लाभ. गोष्टींकरितां बालभारतीचेंच ‘किशोर’ मासिक आहे, तें १९७१ पासून चालू आहे. आमच्या मिशननेंहि १८७३ सालीं ‘बालबोधमेवा’ काढून मुलांच्या हातीं मराठी वाचन दिलें होतें, याची येथें आठवण होते. बाकी साहित्य म्हणजे चार पाट्या, वह्या, मोजण्यास चिंचोके व शिंपले.

हातकामाविषयीं मात्र थोडें थांबून लिहिलें पाहिजे, कारण पुष्कळ आईबाप तें अभ्यासक्रमांत धरीतच नाहींत. पंडिता रमाबाईंचें सर्व बाळपणींचें शिक्षण घरींच, किंबहुना वाटेवर, झालें. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थीं फिरत, आणि आई लक्ष्मीबाई त्यांस आठव्या वर्षापासून संस्कृत शिकवीत. हजारों श्लोक त्यांस मुखोद्गत होते. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती म्हटलें, तें ह्या घरच्या शिक्षणाच्या बळावर. परंतु त्याच रमाबाईंनीं आपल्या साक्षींत दुसरी बाजूहि सांगितली आहे. वडिलांनीं मुलांस व्यवहारी विद्या शिकविली नव्हती. अंगमेहनतीचें काम करण्यास मन धजत नव्हतें. आणि दुष्काळ आला तेव्हां पोट भरण्याचें कांहींच साधन हातीं नव्हतें. आईबाप त्या दुष्काळांत वारले. पुढें केडगांवीं मुक्तिसदनांत त्यांनीं मुलींस अक्षराबरोबर हातास कामहि दिलें. शेती, विणकाम, छापखाना. रमाबाईंनीं केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर त्याच छापखान्यांत मुक्तीच्या बायकांनीं छापिलें.

म्हणून मनोरीच्या घरीं रोज एक तास हातकाम ठेविलें. शेजारच्या कोळीणबाईनें मुलांस जाळें विणण्याची गांठ शिकविली. माडाच्या झावळ्यांचे हीर काढून खराटे झाले. बापानें बंगल्याच्या आवाराच्या कडेस चार वाफे मागून घेतले, त्यांत माठ व भेंडी लाविली. भांडीं घासणें व भाकरी थापणें हें मुलाच्याहि वाट्यास दिलें. त्यावर प्रथम थोडी कुरकुर झाली, ती मुलाची नव्हे, बापाची.

आतां आमच्या हातून झालेली दुसरी चूक. तीन महिन्यांनीं आम्ही गेलों तेव्हां सर्व कसें सुरळीत दिसलें. चार वर्षांचें मूल अक्षरें ओळखीत होतें. मुलगा मार्क वाचीत होता. आम्हीं फार प्रशंसा केली. निघतांना सहज थोरलीची वही मागितली. ती मागील महिन्याच्या भरतीच्या आंकड्यांवर थांबलेली होती. विचारतां कळलें कीं आई सकाळीं बंगल्याचीं खोलींतील कामें करूं लागली होती, कारण पेटीचे उसने पैसे फेडावयाचे होते. आणि धाकट्यांस शिकविणें, पाणी भरणें व स्वयंपाक हें सर्व थोरलीवर आलें होतें. घरची शाळा स्वस्त झाली होती खरी, पण तिची किंमत त्या मुलीनें भरली होती. ती सातवीची मुलगी बिनपगारी शिक्षिका झाली, व तिचें स्वतःचें शिक्षण कोणीच करीना.

सुसान्नाबाईंच्या घरींहि असाच एक भेद होता, हें आम्हांस तेव्हां स्मरलें. मुलगे पुढें लंडनच्या मोठ्या शाळांत व ऑक्सफर्डला गेले. मुली त्याच चटईवर तितकेंच शिकूनहि घरीं राहिल्या, कारण त्या काळीं मुलींस पुढें दारच नव्हतें. आमच्या देशांत तें दार आज आहे. तें बंद करणाऱ्या घरच्या शाळेस आम्ही ख्रिस्ती म्हणणार नाहीं.

येथें कायद्याचेंहि सांगितलें पाहिजे. २००९ चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत दाखल करणें हें त्यानें आईबापांचें कर्तव्य ठरविलें आहे. घरच्या शाळेचा त्यांत उल्लेख नाहीं, आणि आईबापांस दंडहि सांगितलेला नाहीं. उलट एक मोठी सवलत आहे : शाळेबाहेर राहिलेलें मूल केव्हांहि आलें तरी त्यास वयाप्रमाणें योग्य त्या वर्गांत घेतलें पाहिजे, व मागें पडलें असल्यास त्यास विशेष शिक्षण दिलें पाहिजे. दाखला नाहीं किंवा जन्माचा पुरावा नाहीं म्हणून त्यास परत लावतां येत नाहीं. उपदेशक बंधूंनीं हें आपल्या मंडळींत स्पष्ट सांगावें.

जें घर तरीहि घरींच शिकवील, त्यानें परीक्षेची वाट आधींच ठरवावी. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पांचवी व आठवीच्या पातळीच्या परीक्षा आहेत. दहावीकरितां राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म खासगी रीतीनें भरतां येतो. किंवा १९८९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेंतून दहावी देतां येते. तिच्या दहावीस किमान वय चौदा वर्षें लागतें व मराठी माध्यमहि आहे. जन्मदाखला, आधार व जुन्या शाळेचा दाखला हीं एका पिशवींत घालून कोरड्या जागीं ठेवावीं.

आणि खर्चाचा हिशेब करितांना शाळेंत जें फुकट मिळतें तेंहि मांडावें. सरकारी शाळेंत आठवीपर्यंत फी नाहीं, पुस्तकें मिळतात, दुपारचें जेवण मिळतें. तीन मुलें घरीं बसविलीं म्हणजे तीन जेवणें घरच्या पिठांतून निघतात. आईचे सकाळचे तास निघतात; ते तास तिनें बाहेर विकले असते तर काय आलें असतें, तेंहि वहींत लिहावें. असा हिशेब केल्यावर आमच्या खेड्यांतील बहुतेक घरांस आम्ही असेंच सांगूं कीं मुलांची शाळा सोडूं नका. शाळेंत पाठवा, आणि संध्याकाळीं एक तास चटई अंथरा. वरील सर्व योजना त्या एका तासांतहि बसते. ज्या घरास गांवोगांव हिंडणें भाग आहे, किंवा ज्या मुलाचें वाचन शाळेंत अगदींच अडलें आहे, त्यानें कांहीं काळ घरीं शिकवावें. पण आईस स्वतः तें करावयाचें असेल तरच.

मनोरीच्या घरीं पुढें असें ठरलें. पेटी दुसऱ्या शहरांतील एका इंग्रजी शिकलेल्या कुटुंबास अर्ध्या किमतींत विकली व उसन्यांतून तेवढें फेडलें. आईनें सकाळचें काम सोडून दुपारचें धरिलें. धाकटीं तिघें जूनपर्यंत घरीं शिकतील, मग शाळेंत जातील. थोरलीस तिच्या वयाप्रमाणें आठवीच्या वर्गांत घातलें. मुख्याध्यापिकाबाईंनीं कांहीं आढेवेढे घेतले नाहींत. संध्याकाळीं ती कोणास शिकवीत नाहीं. मंगळवार तिचा ठरला आहे. पहिल्या मंगळवारीं आईनें तिला विचारलें कीं तुला काय पाहिजे. आम्हांस वाटलें होतें कीं मुलगी कपडा मागेल. तिनें कंपासपेटी मागितली. बाप दुसऱ्या दिवशीं बोटीनें मालाडास जाऊन ती घेऊन आला. त्या महिन्यांत शिक्षणाकरितां त्या घरचा दुसरा कांहीं खर्च झाला नाहीं.